तबकडीतले गाणे आणि आपले श्रवण

एकादशीचे भजन आटोपले की फराळाला बसण्याआधी अर्धा-पाऊण तास मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकायच्या, असा क्रम आमच्या भजनी मंडळात गेल्या चातुर्मासापासून सुरू झाला. मंडळातील एकाच्या घरी माळ्यावर चावीचा फोनो निघाला, त्याच्याबरोबर काही जुन्या तबकड्याही निघाल्या. बाकीचे गाणे पोरांच्या मोबाइलवरून ऐकतो. सगळ्यांनाच हे पसंत होते असे मात्र नाही. आमचे वृद्ध विणेकरी बुवा पहिल्याच रात्री म्हणाले, "अरे, ऐकायचीच एवढी गोडी लागली तर म्हणायचं कोणी?" आम्ही ते हसण्यावारी नेले. पुढे ते आमच्याच अंगाशी आले, ते ओघाने येईलच. आधी काय ऐकले ते सांगतो.

पहिली तबकडी लावली ती अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटीतली ठुमरी. खाँसाहेब मूळचे उत्तरेकडील कैराना गावचे. पण मिरजेत राहिले आणि मिरजेचेच झाले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोईल नावाच्या स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि त्यांच्या पुण्यतिथीला तिथे गवई हजेरी लावतात. मिरजेवरून गाडीने पंढरीला जाणारे आपण वारकरी; पण गाडी बदलताना या गावाने आपल्याला काय दिले आहे याची आठवण कितीजणांना होते?

तर तबकडी लावली आणि पहिल्या खेपेस निम्म्या मंडळींना नुसती खरखर ऐकू आली. मृदंगवाले म्हणाले, "आवाज फार बारीक आहे बुवा." पेटीवाल्यांची निराळीच पंचाईत. त्यांनी हौसेने सूर धरायला पाहिले, तर खाँसाहेबांचा षड्ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या अधेमध्येच! ते पट्टी शोधीत बसले आणि गाणे संपूनही गेले. हा दोष गाणाराचा नव्हे. तबकडीने मिनिटाला ७८ फेरे घ्यावे असा हिशेब; यंत्राची गती थोडी उणी-अधिक झाली की सूरही खाली-वर सरकतो, आणि चावी उतरत आली म्हणजे तर गाणे रेंगाळूच लागते. म्हणून जुनी मुद्रिका ऐकताना पेटी मिटून ठेवावी, हा पहिला पाठ आम्ही शिकलो.

दुसरी गोष्ट वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. तासभर एक राग आळवणाऱ्या माणसाने एवढ्यात काय करावे? तो पसारा टाकून देतो, अगदी गाभा तेवढा ठेवतो, आणि पुष्कळदा लय नेहमीहून वाढवून गातो. तेव्हा तबकडीवरून 'अमके बुवा घाईने गात' असे ठरवणे म्हणजे शिदोरीवरून घरचा स्वयंपाक ठरवण्यासारखे आहे. या तबकड्या लाखेच्या असत. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील किड्यांपासून मिळणारी तीच ही लाख. हातून पडली की फुटलीच. आमचीही एक फुटली, आणि त्या रात्री फराळ कोणाला गोड लागला नाही.

झिंझोटीची ती ठुमरी आम्ही ओळीने तीनदा ऐकली. तिसऱ्या खेपेला खरखर जणू मागे सरली. मंडळातील एक वयस्कर माउली, ज्यांना राग म्हणजे काय हे कोणी शिकवलेले नाही, त्या म्हणाल्या, "हा माणूस रडत नाही. पण रडू धरून ठेवलंय त्यानं." एवढ्या थोड्या शब्दांत खाँसाहेबांच्या स्वराविषयी याहून नेमके आमच्यापैकी कोणाला सांगता आले नाही. ज्या आवाजाला आम्ही बारीक म्हटले, तो बारीक नव्हता. धारेला लागलेला होता.

पुढच्या एकादशीस केसरबाई केरकरांची भैरवी. इथे चूक आमची झाली. मुद्रिका लावण्याआधीच आम्ही उत्साहाने तिची हकिगत सांगितली. केसरबाई गोव्यातील केरी गावच्या, जन्म १८९२ चा, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली, त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवली, आणि तीत बाईंची ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्यांतले एक यान तर २०१२ साली सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचले. एवढे ऐकल्यावर मग गाणे कोण ऐकतो? जो तो आकाशाचेच बोलू लागला. "परग्रहावर कोणी माणूस असेल का?" इथपर्यंत मजल गेली, आणि भैरवी बिचारी वाजून गेली.

महिन्याने तीच भैरवी काही न बोलता पुन्हा लावली. या खेपेस मृदंगवाल्यांनीच बोट ठेवले. म्हणाले, "बाई श्वास कुठं घेतात ते सापडतच नाही!" खरेच, खुला भरदार आकार, एकसलग चाललेला, वर जाताना पातळ होत नाही, खाली येताना ढिला पडत नाही. गायकाची मोठी गोष्ट सांगायचीच असेल तर ती गाणे झाल्यावर सांगावी. आधी सांगितली की कान त्या गोष्टीच्याच मागे धावतात.

सर्वांत अवघड गेला तो अमीर खाँसाहेबांचा मारवा. हे इंदूरचे, १९७४ साली कलकत्त्यास मोटारीच्या अपघातात गेले. ही लाँगप्ले तबकडी, म्हणजे एका बाजूला वीसेक मिनिटांचा अवकाश. एका अंगाला मारवा, दुसऱ्या अंगाला दरबारी. मारवा दिवस मावळतानाचा राग. यात पंचम नाही, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि मुख्य म्हणजे गाणारा षड्जावर टेकायचे टाळीत राहतो. आपल्या कानाला षड्ज म्हणजे घर. घर समोर दिसते आहे आणि माणूस उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरतो आहे, असे वीस मिनिटे चालले तर ऐकणाराची काय गत होईल? दोघे-तिघे उठून गेले. एक तरुण स्पष्टच म्हणाला, "जीव घाबरा होतो." त्याला वाटले आपण काही चुकीचे बोललो. आम्ही म्हटले, अरे, तुलाच मारवा बरोबर कळला! उठून गेलेल्यांनाही तो कळलाच होता, फक्त सोसला नाही. ज्याने शेवटपर्यंत दम धरला त्याला द्रुत चीज भेटते, आणि तिचा भावार्थ काय, तर गुरूवाचून ज्ञान नाही. तिथे मात्र आमचे बुवा, जे एवढा वेळ डोळे मिटून होते, ते हलकेच हुंकारले.

आता तो अंगाशी आलेला भाग. आश्विनात पोरांनी भीमसेन जोशींच्या अभंगांच्या मुद्रिका लावल्या. त्यांची थोरवी आम्ही काय सांगावी! सगळ्यांना फार आवडल्या, इतक्या की एकादशीवाचूनही लागू लागल्या, पुढे भजनाआधी लागू लागल्या. आणि कार्तिकात लक्षात आले की वर्षानुवर्षे चाल सांगणाऱ्या आमच्यातील दोघी बाया गप्प झाल्या आहेत. विचारले तर एक म्हणाल्या, "पंडितजींचं ऐकल्यावर आमचं तोंड कुठं उघडायचं?" दुसऱ्या काहीच बोलल्या नाहीत. बुवांनी आमच्याकडे नुसते पाहिले.

वाचकहो, गवयाने गायलेला अभंग आणि आपले भजन या दोन जागा निराळ्या आहेत, हे आम्ही त्यांना आधीच सांगायला हवे होते. गवई एकटा गातो, आपल्या पट्टीत गातो. एकेक शब्द घेऊन त्याभोवती रागाची आलापी करतो. त्याच्या पट्टीत त्याचा गळा खुलतो, तुमचा-आमचा घोगरा होतो. भजनात एकाने म्हणायचे आणि पन्नास जणांनी उचलायचे. तिथे तान नको, टाळ चुकला नाही म्हणजे पुष्कळ. ही दोन मापे एकमेकांना लावली की दोन्हीकडे अन्याय होतो.

आणि भीमसेनजींचेच पाहा ना. गदगला लहानपणी दुकानातली तबकडी ऐकून ते वेडे झाले, ती याच अब्दुल करीम खाँसाहेबांची, हीच झिंझोटी, असे सांगतात. पण ते दुकानापुढे उभे राहिले नाहीत. १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडून निघाले. ग्वाल्हेर, जालंदर असे कुठे कुठे फिरले आणि अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायाशी बसले. सवाई गंधर्व म्हणजे त्या खाँसाहेबांचेच शिष्य. तबकडीने त्यांचे तोंड बंद केले नाही, उघडले.

मार्गशीर्षापासून आम्ही क्रम पक्का केला: आधी पुरते भजन, मग मुद्रिका, आणि अभंगाच्या मुद्रिका तूर्त बाजूला. त्या दोघींपैकी एक आता पुन्हा चाल सांगू लागल्या आहेत. दुसऱ्या अजून टाळच धरतात. ओठ हलतात, आवाज येत नाही. त्यांना कोणी आग्रह करायचा नाही, असे बुवांनी बजावले आहे. पुढच्या एकादशीस मल्लिकार्जुन मन्सूर लावायचे ठरले होते, तर बुवाच म्हणाले, "ते असू दे. तो घाबरा करणारा मारवा आहे ना, तो पुन्हा लाव."