बीडचं बेल होतं तेव्हा

अंबाजोगाईत राहून हौशी रेडिओ चालवणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, "अहो सर, मोबाइल असताना ही टकटक कशाला?" उत्तर पुढे ओघात येईलच. मॉर्स, म्हणजे ठिपके-रेघांची तारेची लिपी, मी एका निवृत्त तारमास्तरांकडे शिकलो आणि आता गावातल्या पोरांना शिकवतो. शिकताना नि शिकवताना जे पदरात पडलं, ते असं.

1. तक्ता भिंतीवर लावू नका

ठिपके-रेघांचा तक्ता छापून टेबलासमोर चिकटवला की शिकणाऱ्याला अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. मग आवाज आला की तो ठिपके मोजतो, तक्त्यात शोधतो आणि तेवढ्यात पुढची दोन अक्षरं निघून जातात. मिनिटाला 12 शब्दांच्या वेगात एक ठिपका सेकंदाचा दहावा भाग टिकतो. मोजणार कधी? मास्तरांनी मला कागद दाखवलाच नाही. 'डा-डिट-डा-डिट' (डा म्हणजे रेघ, डिट म्हणजे ठिपका) कानावर पडलं की हाताने 'सी' लिहिलं पाहिजे, मध्ये डोक्याने लुडबुड करायची नाही, हा त्यांचा दंडक. लुडविग कोख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात हेच मांडलं: पहिल्या दिवसापासून पूर्ण वेग, पण अक्षरं फक्त दोन. ती पक्की झाली की तिसरं. मास्तरांनी कोखचं नाव ऐकलेलं नव्हतं. शिकवण्याची रीत मात्र तीच.

2. गप्प बसणं हेही पाठवणंच

अक्षराच्या पोटातल्या दोन खुणांमध्ये एका ठिपक्याएवढी शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन ठिपक्यांएवढी, दोन शब्दांमध्ये सात. हे पाठ सगळ्यांनाच असतं. पाळताना घाई होते.

आमच्या जिल्ह्याचं नाव त्यासाठी उत्तम परीक्षा घेतं. रोमन लिपीत बीड म्हणजे बी, दोन वेळा ई आणि डी. बी म्हणजे डा-डिट-डिट-डिट. ई म्हणजे नुसतं एक डिट, अख्ख्या मॉर्समधलं सगळ्यात लहान अक्षर. डी म्हणजे डा-डिट-डिट. आता दुसरा ई घाईत डीला चिकटला तर डिट-डा-डिट-डिट होतं, आणि ते झालं एल. बीडचं बेल! एका पोराने असंच पाठवलं, तेव्हा शेजारी बसलेला परळीचा मित्र म्हणाला, "वैजनाथाला चालेल की." दोन्ही ई एकमेकांना चिकटले तर त्यांचा आय होतो आणि शब्द वाचला जातो 'बिड'. पहिला ई बीला आणि दुसरा डीला चिकटला तर समोरच्याच्या वहीत उतरतं '6 एल'. खुणा चारही वेळा त्याच, क्रमही तोच. बदलली ती फक्त शांतता.

म्हणून मी पोरांना आधी 'बीड' पाठवायला लावतो. ते स्वच्छ गेलं की बाकीचे तालुके आपोआप सुधारतात.

3. मराठी रोमनमधून जाते, तिची वाट आधी ठरवून घ्या

स्वातंत्र्यानंतर देवनागरीतून तारा जाऊ लागल्या, त्यासाठी देवनागरी अक्षरांचे कडकट्ट, म्हणजे मॉर्सचे संकेतही बसवले गेले. हौशी रेडिओवर मात्र रोमनच चालतं. तिथे 'ळ' बिचारा एलमध्ये विरघळतो. केज तर कुणी के-ई-जे लिहितो, कुणी सरकारी पाटीवरचं के-ए-आय-जे. दोघांनी स्पेलिंग आधीच ठरवलेलं बरं, नाहीतर निरोप राहतो बाजूला आणि गावाच्या नावावरच खल चालतो.

4. ऐकलं तेवढंच लिहा

मला हा धडा सगळ्यात मोलाचा वाटतो. जरा सराव झाला की डोकं पुढे पळायला लागतं. 'एम-ए-जे' आलं की आपल्याकडच्या माणसाचा हात थेट 'माजलगाव' लिहून मोकळा होतो, आणि पुढे येतं 'एच-आय'. शब्द असतो 'माझी'. तोवर तिकडून पुढचा शब्द सुरू झालेला असतो आणि तोही हातचा जातो. मास्तर म्हणायचे, तारमास्तराने निरोपाचा अर्थ लावायचा नसतो. सुटलेल्या अक्षराच्या जागी आडवी रेघ मारावी आणि पुढे जावं. शेवटी तेवढं परत मागवता येतं.

त्यांच्या काळी याला वजन होतं. खेड्यात तार आली म्हटलं की ती उघडण्याआधीच रडारड सुरू व्हायची. दिवाळीच्या नाहीतर लग्नाच्या शुभेच्छांना ठरलेले क्रमांक होते. आकडा पाठवला की पलीकडच्या कचेरीत पूर्ण वाक्य लिहिलं जाई. आता त्यात एक आकडा चुकला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. ती सेवा 14 जुलै 2013 च्या रात्री बंद झाली. कडकट्ट तर त्याच्याही कितीतरी आधी थांबला होता.

5. खरा गुरू म्हणजे मे महिन्यातला रेडिओ

वळवाचे ढग जमले की 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नुसता कडकडाट असतो. त्यात कुणाचं इन्व्हर्टर घूं करतं, कुणाच्या बोअरचा स्टार्टर खडखडतो. माणसाचं बोलणं त्या गोंगाटात बुडून जातं, पण मॉर्सची बारीक शिटी वर राहते. कारण सरळ आहे. बोलण्याला अडीच-तीन हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते, मॉर्सचं दीड-दोनशेत भागतं. अरुंद फिल्टर लावला की गोंगाटाचा मोठा हिस्सा बाहेरच राहतो आणि थोड्या वॅटमध्ये निरोप लांब जातो. मोबाइलवाल्यांना माझं उत्तर हेच. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते. मला एक बॅटरी आणि दोन झाडांमध्ये बांधलेली तार पुरते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली, तेव्हा आमच्याकडचेही लोक अंगणात धावले होते. त्या दिवसांत हौशी रेडिओवाल्यांनी तिथे जाऊन निरोप पोचवले.

6. भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपशी भांडण नको

मजकूर टाकला की ठिपके-रेघा, ठिपके-रेघा टाकल्या की मजकूर. स्वच्छ आवाज असेल तर अ‍ॅप आपल्यापेक्षा जलद नि बिनचूक. हाताने वाजवलेलं वेडंवाकडं आलं, वर वीज कडाडली, की तेही अडखळतं आणि पडद्यावर नुसत्या ई आणि टींची रांग लागते. पाठवलेलं तपासायला ते वापरा. त्याला तुमचा 'बीड' नीट वाचता आला नाही, तर दोष बहुधा तुमच्या हाताचाच.

7. परवान्याचं

12 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची हौशी रेडिओची परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड परवान्याला मॉर्स लागत नाही, जनरलला मिनिटाला 8 शब्द घेता आणि पाठवता यावे लागतात. 'मॉर्स नको, रिस्ट्रिक्टेडच बरा' असं म्हणणारी पोरं माझ्याकडे येतात. त्यांना मी आडकाठी करत नाही, पण माझं मत जनरलच घ्यावा असं आहे. सरावाच्या भोंग्याला आणि चावीला परवाना लागत नाही. रोज पंधरा मिनिटं द्या, आणि तक्ता आजच भिंतीवरून काढा.