पाचवीनंतर कोणती शाळा?



वार्षिक परीक्षा जवळ आल्या की आपल्या अनेक घरांत एकच विषय निघतो : पोराला पुढे कुठे घालायचे? गावातली शाळा, चांदवडची खासगी शाळा की नवोदय? या प्रश्नावर आज थोडा शांतपणे विचार करू या.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात साध्य आणि साधन हा भेद सुरुवातीलाच शिकवतात. शाळा हे साधन आहे, मुलाची वाढ हे साध्य. साधनाची किंमत त्याच्या नावावरून ठरत नाही, ते साध्यापर्यंत नेते की नाही यावरून ठरते.

१. नवोदय : १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली. त्यांतले एक अमरावतीचे. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी दोन तासांची, ८० प्रश्नांची परीक्षा असते आणि ती मराठीतून देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. गरीब घरातील हुशार मुलासाठी ही मोठी संधी आहे. पण जागा जास्तीत जास्त ८० आणि परीक्षा आयुष्यात एकदाच. म्हणजे बसणाऱ्यांपैकी बहुतेकांची निवड होणार नाही, हे आधीच ठरलेले असते. मग दहा वर्षांच्या लेकराला ‘तू नापास झालास’ असे आपण का म्हणावे? शिवाय निवड झाली, तरी घर सोडून राहण्याची त्याची तयारी आहे का, हेही पाहावे लागते.

२. खासगी शाळा : चांदवडला खासगी शिक्षणसंस्थांची परंपरा जुनी आहे. श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ पासून येथे कार्यरत आहे. अशा शाळांकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. मात्र हिशेब पूर्ण मांडावा. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के जागा सुरुवातीच्या वर्गासाठी असतात, पाचवी-सहावीसाठी नाहीत. फी, गाडीभाडे, गणवेश, शिकवणी हे सारे कांद्याच्या भावावर सोडता येत नाही. कांदा पडला म्हणून मधेच शाळा बदलावी लागली, तर त्याची झळ मुलालाच बसते. माध्यम बदलणार असेल तर आणखी जपावे. मराठीत समजलेले अपूर्णांक इंग्रजीत नुसते पाठ होऊ नयेत.

३. गावची शाळा : २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. वर्ग भरतो का, मूल वाचू शकते का, हे विचारण्याचा अधिकार तिथे आपल्याला आहे. तो आपण किती वापरतो? जाणते पालक मुले काढून नेतात, तेव्हा मागे राहिलेल्या मुलांसाठी विचारणारे कोणी उरत नाही.

आणखी एक गोष्ट. हुशार मुले निवडून घेणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागणारच. त्यात शिकवण्याचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे फलकावरून कळत नाही. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा पहिल्या आलेल्याची चौकशी करू नका. मागे पडलेल्या मुलासाठी इथे काय करतात, ते विचारा.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक मानले आहे. शाळा कोणतीही निवडा, हे काम फी भरून दुसऱ्यावर सोपवता येत नाही. संध्याकाळी टीव्ही आणि मोबाईल बंद करून अर्धा तास मुलाजवळ बसणे तिन्ही शाळांच्या मुलांना सारखेच लागते.

घरी चर्चेसाठी :
१. ही शाळा आपण मुलासाठी निवडतो आहोत की शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी?
२. हा खर्च दहावीपर्यंत कर्जाशिवाय झेपेल का?
३. मुलाला काय वाटते, हे आपण त्याला विचारले आहे का?