तबकडीवरील चित्रपट आणि त्याची संगणकीय प्रत

कोलकात्यातील कित्येक घरांच्या कपाटांत सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या डीव्हीडी तबकड्या अजूनही जपून ठेवलेल्या आढळतात. त्या दाखविणारी यंत्रे मात्र दुर्मीळ होत चालली आहेत आणि नव्या संगणकांत तबकडीसाठी खाचच नसते. बंगालच्या दमट हवेत तबकडीच्या कडेतून ओलावा आत शिरला, तर तिचा चकचकीत थर काळवंडू शकतो. घरी भरलेल्या तबकडीतील रंगद्रव्य तर काही वर्षांतच क्षीण होऊ शकते. म्हणून तबकडीवरील चित्रपट संगणकात उतरवून घ्यावा, असे अनेकांना वाटते. ही क्रिया वरवर सोपी दिसते. परंतु तिच्यात प्रत्यक्ष काय घडते, हे न जाणता ती केली, तर चित्रपट वाचविल्याच्या समाधानात आपण त्याचा मोठा भाग गमावून बसतो. म्हणूनच या क्रियेचा येथे क्रमाने विचार करू.

उदाहरण म्हणून 'पथेर पांचाली' हाच चित्रपट घेऊ. १९५५ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट कृष्णधवल असून त्याची लांबी सुमारे १२५ मिनिटे आहे.

तबकडीवर काय असते?

डीव्हीडी ही १.२ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची तबकडी असते. तिच्या आतील थरावर सूक्ष्म खळग्यांची एक सर्पिल वाट असते. या वाटेच्या दोन शेजारच्या वेढ्यांमधील अंतर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणजे ०.७४ मायक्रॉन असते. लाल लेसरचा किरण हे खळगे वाचतो. एका थराच्या तबकडीत ४.७ गिगाबाइट माहिती मावते.

ही जागा चित्रपटाला पुरेशी आहे काय? भारतीय दूरदर्शनने स्वीकारलेल्या 'पाल' पद्धतीच्या तबकडीवर प्रत्येक चित्रचौकट ७२० उभ्या आणि ५७६ आडव्या ओळींत विभागलेली असते. अशा रीतीने एका चौकटीत ४,१४,७२० चित्रबिंदू होतात. कृष्णधवल चित्रात प्रत्येक बिंदूची उजळता नोंदविण्यास एक बाइट धरू. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर एका सेकंदाला सुमारे १ कोटी ४ लाख बाइट लागतात. दोन तासांच्या चित्रपटाला याच हिशेबाने सुमारे ७५ गिगाबाइट हवेत. रंगीत चित्रपटाला त्याच्या दीडपट. तबकडीत तर केवळ ४.७ गिगाबाइट जागा आहे, आणि तीतच ध्वनी व उपशीर्षकेही बसवायची आहेत.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट वाचकाच्या ध्यानात येईल. तबकडीवरील चित्रपट हा मुळातच दाबून लहान केलेला असतो. चित्राची माहिती आधीच पंधरा-सोळा पटींनी आकसलेली असते. या आकसविण्याच्या क्रियेला संपीडन म्हणतात. तबकडीवरून आणखी लहान फाइल तयार करणे म्हणजे एकदा संपीडन झालेल्या चित्राचे पुन्हा संपीडन करणे होय.

संपीडन कसे होते?

संपीडनाचा पहिला आधार असा, की लागोपाठच्या चौकटींत फरक थोडा असतो. इंदिर ठाकरुण ओसरीवर बसून बोलत आहे, अशा दृश्यात मागची भिंत सेकंदभरात बदलत नाही. ती भिंत पंचवीस वेळा नोंदविण्याचे कारण नाही. म्हणून काही चौकटी संपूर्ण नोंदविल्या जातात आणि त्यांच्या मधल्या चौकटींसाठी केवळ 'कोणता तुकडा कोठे सरकला आणि काय बदलले' एवढेच लिहून ठेवले जाते.

दुसरा आधार मानवी दृष्टीचा आहे. मोठे उजळ-काळोखे भाग आपल्याला चटकन जाणवतात. अतिसूक्ष्म पोत थोडा बदलला, तर तो सहसा लक्षात येत नाही. या गुणाचा उपयोग करून घेता येईल असे गणित १९७४ साली प्रसिद्ध झाले. बेंगळुरूत जन्मलेले आणि अमेरिकेत अध्यापन करणारे नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह ते मांडले. या रीतीत चौकटीचे ८ बाय ८ बिंदूंचे लहान चौरस पाडतात. प्रत्येक चौरसातील ६४ उजळतांऐवजी दुसरे ६४ आकडे काढले जातात. त्यांतील पहिला आकडा चौरसाची सरासरी उजळता सांगतो. पुढचे आकडे अधिकाधिक बारीक पोताचे प्रमाण सांगतात.

येथपर्यंत काही हरवत नाही. हरवते ते पुढच्या पायरीवर. या आकड्यांना एका ठरावीक संख्येने भागतात आणि भागाकार पूर्णांकात घेतात. समजा, भाजक १६ आहे. मूळ आकडा ३७ असेल, तर २ उरतो. चित्र पाहताना २ ला १६ ने गुणून ३२ मिळतात, म्हणजे ५ चा फरक कायमचा गेला. मूळ आकडा ६ असेल, तर शून्य उरते आणि तो पोत पूर्णपणे पुसला जातो. भाजक जितका मोठा, तितकी शून्ये अधिक; आणि शून्यांची लांबलचक रांग अत्यंत थोड्या जागेत लिहिता येते. फाइल लहान होते ती मुख्यतः अशी. गेलेले ५ किंवा ६ पुढे कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत.

कठीण दृश्ये कोणती?

सर्व दृश्ये सारखी दबत नाहीत. 'पथेर पांचाली'तील अपू आणि दुर्गा रेल्वेगाडी पाहायला जातात, तो प्रसंग घ्या. काश नावाच्या उंच गवताचे हजारो पांढरे तुरे वाऱ्यावर डोलत आहेत. प्रत्येक तुऱ्याची हालचाल निराळी. मागून काळा धूर सोडीत गाडी येते. येथे मागील चौकटीवरून पुढील चौकटीचा अंदाज बांधता येत नाही आणि सर्वत्र बारीक पोत पसरलेला असतो. म्हणजे संपीडनाचे दोन्ही आधार येथे लंगडे पडतात. पावसाचे दृश्य, पाण्यावरील तरंग आणि जुन्या फिल्मचा रवा यांचीही हीच गत होते. फाइलला जागा कमी पडली, की पहिला घाव अशाच दृश्यांवर बसतो. काशाचे तुरे एकमेकांत मिसळून राखाडी थर होतो आणि धुरात चौकोन दिसू लागतात.

या प्रसंगाचे चित्रीकरण राय यांनी २७ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू केले. पुढच्या वेळी ते त्या जागी गेले, तेव्हा गुरांनी तुरे खाऊन टाकले होते. उरलेल्या चित्रणासाठी त्यांना पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली. ज्या तुऱ्यांसाठी दिग्दर्शक वर्षभर थांबला, ते आपण एका चुकीच्या आकड्याने पुसून टाकू नयेत, एवढी काळजी प्रत करणाऱ्याने घ्यावयास हवी.

प्रत करण्याचा क्रम

पहिली पायरी म्हणजे तबकडीवरील माहिती जशीच्या तशी संगणकात उतरविणे. या पायरीवर काहीही लहान करू नये. तबकडीवर ओरखडे असल्यास वाचन अडते. म्हणून प्रत पूर्ण झाल्यावर ती आरंभापासून शेवटपर्यंत पाहून घ्यावी. कायद्याचेही भान हवे. भारतात चित्रपटावरील हक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, आणि २०१२ साली कॉपीराइट कायद्यात घातलेल्या कलम ६५ अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने तबकडीचे संरक्षक कुलूप तोडणे हा गुन्हा आहे.

दुसरी पायरी लहान फाइल तयार करण्याची. त्यासाठी हँडब्रेकसारखे मोफत प्रोग्रॅम उपलब्ध आहेत आणि २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही संपीडनाची पद्धत जवळजवळ सर्व यंत्रांना वाचता येते. येथे दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गात फाइलचा आकार आधी ठरवितात. एके काळी ७०० मेगाबाइटच्या सीडीत चित्रपट कोंबण्याची रीत होती. आपल्या ७५ गिगाबाइटांच्या हिशेबाने पाहिले, तर हा शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भाग झाला. मग काशाचे रान टिकावे कसे? दुसऱ्या मार्गात आकाराऐवजी गुणवत्ता ठरवितात. एच.२६४ मध्ये यासाठी ० ते ५१ अशी मोजपट्टी असते. आकडा लहान तितके चित्र चांगले. दर ६ अंकांना भाजक दुप्पट होतो. डीव्हीडीसाठी १८ ते २२ यांमधील आकडा योग्य समजला जातो. या मार्गाने साध्या दृश्याला थोडी आणि कठीण दृश्याला अधिक जागा मिळते. फाइल नेमकी केवढी होईल हे आधी कळत नाही. परंतु चित्राची इयत्ता राखली जाते. म्हणून हाच मार्ग पत्करावा.

याखेरीज तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी असतात, पण पाल तबकडीवर त्या २५ च्या गतीने धावतात. म्हणून १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत संपतो आणि वेगळी दुरुस्ती केलेली नसेल, तर रविशंकर यांच्या सतारीचे सूरही सुमारे चार टक्क्यांनी चढे लागतात. प्रत तोकडी भासली, तर काही कापले गेले असे लगेच समजू नये.

दुसरी गोष्ट ओळींची. दूरदर्शनच्या पद्धतीत चित्राच्या एकाआड एक ओळी दोन खेपांत दाखवितात आणि त्या जुळविण्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक गाळणी असते. परंतु पाल तबकडीवर फिल्मवरून आलेल्या दोन्ही खेपा बहुधा एकाच चौकटीच्या असतात. तेथे ही गाळणी लावल्यास चित्र विनाकारण पुसट होते. हालचालीच्या दृश्यात कडांना कंगव्याचे दाते दिसले, तरच ती लावावी.

तिसरी गोष्ट उपशीर्षकांची. बंगाली न जाणणाऱ्या मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. डीव्हीडीवरील उपशीर्षके अक्षरे म्हणून नव्हे, तर लहान लहान चित्रे म्हणून साठविलेली असतात आणि मुख्य चित्रापासून वेगळी असतात. फाइल करताना ती मुद्दाम निवडली नाहीत, तर मागे राहतात. तबकडी टाकून दिल्यानंतर हे ध्यानात आले, तर उपाय उरत नाही.

मूळ प्रत का ठेवावी?

लहान फाइल पाहण्यासाठी उत्तम. ती मोबाइलवर मावते, प्रवासात नेता येते. पण तिच्यावरून पुढची प्रत करू नये. प्रत्येक संपीडनात नवा भागाकार होतो आणि नव्या शून्यांची भर पडते. उद्या अधिक चांगली पद्धत निघेल, तेव्हा नवी फाइल करण्यासाठी तबकडीची जशीच्या तशी उतरविलेली प्रतच हाताशी असावी लागते. एक टेराबाइटच्या साठवणीत ४.७ गिगाबाइटच्या दोनशेहून अधिक तबकड्या मावतात. तेव्हा जागा नाही, ही सबब आता खरी राहिलेली नाही. ही प्रत दोन निरनिराळ्या साठवणींत, आणि शक्य तर दोन निरनिराळ्या घरांत ठेवावी.

यामागील सत्य 'पथेर पांचाली'नेच जगाला शिकविले. जुलै १९९३ मध्ये लंडनमधील हेंडरसन प्रयोगशाळेला आग लागली आणि तेथे असलेल्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळके अवशेष टाकून न देता अमेरिकेच्या चित्रपट अकादमीच्या संग्रहालयात ठेवण्यात आले. सुमारे वीस वर्षांनी, २०१३ मध्ये क्रायटेरियन या संस्थेने इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेच्या साहाय्याने त्यांवर काम सुरू केले. ठिसूळ झालेली फिल्म ओलावा देऊन मऊ करण्यात आली आणि हातांनी दुरुस्त करण्यात आली. 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्हचा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग उपयोगी पडला. 'अपूर संसार'चा मात्र काहीच उपयोग होऊ शकला नाही. उरलेले सर्व भाग निरनिराळ्या देशांतील संग्रहालयांनी जपलेल्या चांगल्या प्रतींवरून घेतले गेले. २०१५ मध्ये हे तीन चित्रपट पुन्हा पडद्यावर आले.

अशा कामात माहिती किती मोठी असते, याचा अंदाज करू. एक चौकट ४०९६ बाय ३११२ बिंदूंत आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट देऊन साठविली, तर तिला सुमारे ५१ मेगाबाइट लागतात. १२५ मिनिटांच्या चित्रपटात १,८०,००० चौकटी असतात. म्हणजे एकूण ९ टेराबाइटांहून अधिक. त्यापुढे ७०० मेगाबाइटची फाइल म्हणजे सुमारे तेरा हजारांत एक भाग होय. केवळ तसल्या फायली उरल्या असत्या, तर बोलोन्याच्या कारागिरांना जोडण्यासारखे काहीच मिळाले नसते.

कपाटातील तबकडीला निगेटिव्हची योग्यता नाही, हे खरे. परंतु जे चित्रपट पुन्हा बाजारात आलेच नाहीत, किंवा घरातील लग्नकार्याचे जे चित्रण एकाच तबकडीवर आहे, त्यांच्या बाबतीत तीच आपली मूळ प्रत असते. ती आधी संपूर्ण उतरवून घ्यावी, दोन ठिकाणी ठेवावी, दर काही वर्षांनी उघडून तपासावी. आणि मगच पाहण्यासाठी तिची हवी तेवढी लहान फाइल करावी.