पिस्तुलाच्या किमतीवर जाऊ नकोस

अगं, पिस्तूल आल्यापासून तुझे पाय जमिनीवर नाहीत, हे फोनवरच्या आवाजातूनच कळतंय. इटलीहून मागवलेलं .22, त्यावर तुझ्या पंजाचं माप पाठवून घडवून घेतलेली अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप. बाबांनी एफडी मोडली, आईने आख्ख्या बिल्डिंगला सांगून झालं. आनंद कर, हक्कच आहे तुझा. पण तो ओसरायच्या आत दोन गोष्टी कानावर घालते. पिस्तूल महाग आहे हे आपल्याला माहीत आहे. ते भरवशाचं आहे का, हे अजून कुणालाच माहीत नाही. तुलाही नाही.

पेटीत आलेलं टेस्ट कार्ड तू आरशात अडकवून ठेवलंयस ना, एकाच भोकात पाच गोळ्या गेलेलं? तशी कार्डं पिस्तूल शिकंज्यात आवळून मारतात. त्यातून अचूकता कळते. दोन वर्षांनी भर सामन्यात, तीन-तीन सेकंदांच्या सिरीजमध्ये, घामेजल्या हातात ते पाचही गोळ्या सोडेल का, हे त्या कार्डावर कुठेच लिहिलेलं नाही. ते तुलाच शोधून काढायचंय.

मनू भाकरचं टोकियो आठव. 2021 च्या जुलैमध्ये 10 मीटरच्या पात्रता फेरीत तिच्या एअर पिस्तुलाची कॉकिंग लिव्हर तुटली. 60 शॉट्स, 75 मिनिटं, आणि त्यातला मोलाचा वेळ दुरुस्तीत गेला. परत आल्यावर पोरीने घड्याळाशी झुंजत 575 गुण काढले, पण क्रमांक बारावा आला. अंतिम फेरीत जातात आठच जणी. तिच्याकडचं पिस्तूल काही साधंसुधं नव्हतं. जगातल्या उत्तम नेमबाजांच्या हातात असतं त्या तोडीचं होतं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन ब्राँझ मिळवली, म्हणून तो दिवस आपण आता हळहळत का होईना, सहज आठवतो. पण एवढ्याशा भागाने केवढं अडवलं ते बघ.

आता हिशेब. कंटाळू नकोस, सोपा आहे. एखादी वस्तू अमुक वेळा चालवली आणि एकदाही अडली नाही, तर 3 ला त्या आकड्याने भागायचं. 300 राउंड मारले, एकदाही जॅम नाही, तर पिस्तूल शंभरात एकाहून कमी वेळा अडेल, असं 95 टक्के खात्रीने म्हणता येतं. त्यापुढे काही म्हणता येत नाही. शंभरात एक म्हणजे किरकोळ वाटतं ना? पण खरंच तेवढ्या वेळा अडणारं पिस्तूल घेऊन 60 गोळ्यांचा सामना खेळलीस, तर निदान एकदा अडण्याची शक्यता 45 टक्के निघते. जवळजवळ छापा-काटाच. तेच 3000 राउंड बिनधोक गेले, तर हजारात एक ही मर्यादा मिळते आणि सामन्यातली शक्यता 6 टक्क्यांच्या आत येते. म्हणून रेंजवर कुणी ‘पाचशे मारले, मख्खन चालतंय’ म्हणालं की हसून मान डोलवायची आणि आपली मोजणी चालू ठेवायची. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सगळेच मुलगे गुणी असतात. पहिल्या पाचशे राउंडचं तसंच.

ही पद्धत आजची नाही. 1911 च्या मार्चमध्ये अमेरिकी लष्कराने जॉन ब्राउनिंगने घडवलेल्या कोल्ट पिस्तुलातून 6000 राउंड मारून बघितले. ते तापलं की पाण्यात बुडवून थंड करायचे आणि पुन्हा सुरू. एकदाही अडलं नाही. स्पर्धेतलं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल 37 वेळा अडलं. त्याच महिन्यात कोल्टची निवड झाली. तुझं पिस्तूल नाजूक, सामन्याचं; त्याला पाण्यात बुडवू नकोस बाई! घ्यायचं ते एवढंच, की निवड मोजून झाली.

घाबरू नकोस, तीन हजार काडतुसं वेगळी जाळायची नाहीयेत. आयात काडतुसांचे भाव मलाही माहीत आहेत. सरावात मारशील ती प्रत्येक गोळी मोजायची, बस. एक जाड वही कर. तारीख, काडतुसाचा लॉट नंबर, कुठलं मॅगझिन, शेवटच्या सफाईपासून किती राउंड झाले, हवा कशी होती, आणि अडलं तर नेमकं काय झालं. ‘जॅम झालं’ असं मोघम लिहू नकोस. गोळी सुटलीच नाही? रिकामी पुंगळी बाहेर पडताना उभी अडकली? पुढचं काडतूस चेंबरमध्ये चढलं नाही? की एका दाबात दोन सुटल्या? ही चार वेगळी दुखणी आहेत. शेवटचं दिसलं तर तिथेच थांबायचं आणि पिस्तूल आर्मररकडे द्यायचं. सुरुवातीचे काही शेकडा राउंड वेगळ्या पानावर ठेव; घट्ट बसवलेले नवे भाग रुळेपर्यंत थोडी कुरकुर होते. पण लिहायचं तेही.

मॅगझिनांवर नेलपेंटने 1, 2, 3 घाल. अडणं एकाच मॅगझिनमागे फिरत असेल, तर पिस्तूल निर्दोष आहे. त्या मॅगझिनचे ओठ वाकलेत किंवा स्प्रिंग ढिली पडलीय. सगळ्याच मॅगझिनांत अडत असेल तर एक्स्ट्रॅक्टरची नखी बघ. .22 ची गोळी मेणकट असते, तिची काजळी तिथे हमखास साचते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लॉट बदलला, स्प्रिंग बदलली, ग्रिपही तासली, आणि मग चाललं, तर कशामुळे चाललं ते देवच जाणे.

गोळी सुटली नाही तर काय करायचं ते नीट ऐक. पिस्तूल टार्गेटकडेच ठेवायचं, निदान अर्धा मिनिट. बार उशिरा उडू शकतो. मग काडतूस काढ आणि उजेडात धर. .22 मध्ये बारूद पेटवणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या काठावरच घाव घालते. ती खूण बघ. खोल, स्वच्छ खळगा पडलाय आणि तरी सुटली नाही, तर बहुधा काडतूसच फुसकं. मसाला काठभर सारखा पसरलेला नसतो कधीकधी. खूण नुसती टेकल्यासारखी, उथळ असेल, तर दोष पिस्तुलाकडे: पिन झिजलीय, स्प्रिंग थकलीय, किंवा आत तेल-काजळीचा चिकटा झालाय. अशी काडतुसं लगेच रेंजच्या डब्यात टाकू नकोस. आधी सरांना दाखव, वहीत खुणेचं चित्र काढ, मग टाक. आणि कधी आवाज नेहमीपेक्षा दबका आला, फुस्स झालं, तर पुढची गोळी मारायची नाही म्हणजे नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते. बॅरल फुगलं की मग एफडीच काय, काहीच परत येत नाही. रिकामं पिस्तूल खटखटवायची सवयही सोड; पिन चेंबरच्या कडेवर आपटते. ड्राय फायरिंगची सोय असेल तर ती वापर, नाहीतर प्लग घाल.

सराव सावकाश पाच मिनिटांच्या सिरीजमध्ये करायचा आणि पिस्तूल उत्तम म्हणायचं, हे चालायचं नाही. अर्धी मोजणी तरी रॅपिडमध्ये कर: तीन सेकंद टार्गेट, सात सेकंद विश्रांती. सफाई मुद्दाम लांबवूनही बघ, सरांना सांगून. समजा, चारशेच्या पुढे ते कुरकुरायला लागलं, तर आपण अडीचशेला सफाई करायची. मर्यादा माहीत असणं हीच तर कमाई.

आणि ऋतू फिरू देत. दिल्लीत डॉ. कर्णी सिंग रेंजवर जानेवारीची ट्रायल पडली की गारठ्यात गोळीवरचं मेण घट्ट होतं आणि मेमध्ये पुण्याला लोण्यासारखं चाललेलं पिस्तूल तिथे चढायला नखरे करतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. ग्रिपला आतून पुट्टी लावून नीट बसवलंयस, पण श्रावणात एकदा बघ, कडा कुठे मॅगझिनला घासते का. म्हणून मी वर्षभराच्या आत कुठल्याही पिस्तुलाला शाबासकी देत नाही.

ट्रिगरचं वजनही वहीत येऊ दे. नियमाने निदान 1000 ग्रॅम लागतं. घासून गुळगुळीत झालेले भाग झिजतात, स्क्रू हलतो, आणि आज काठावर बसणारं वजन सहा महिन्यांनी खाली आलेलं असतं. सामन्यानंतरच्या तपासणीत वजन उचललं गेलं नाही तर केलेले गुण पाण्यात, थेट बाद. काठावर ठेवू नकोस, थोडं वर ठेव आणि महिन्यातून एकदा तपास.

इतकं करूनही ते कधीतरी अडणारच. त्याचाही सराव हवा. सामन्यात अडलं की पिस्तूल टार्गेटच्या दिशेने, पकड न सोडता, आणि मोकळा हात वर. सवयीने तू स्वतः बोल्ट ओढलास की मालफंक्शनचा दावा गेला, उरलेल्या गोळ्यांचं शून्य पदरात. माझ्याबरोबरच्या एका मुलीचा हात असाच आपोआप बोल्टवर गेला होता. वर्षभराची मेहनत एका झटक्यात. म्हणून सरांना सांग, अधूनमधून मॅगझिनमध्ये गुपचूप एक डमी काडतूस घालत जा. आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत 2018 मध्ये जकार्ताच्या एशियाडला 25 मीटरचं सुवर्ण घेऊन आली, ते थायलंडच्या मुलीशी बरोबरी होऊन लागोपाठ दोन शूट-ऑफ झाल्यावर. पिस्तुलाला ठरल्यापेक्षा जास्त चालावं लागतं ते असं, अगदी नेमक्या वेळी.

आता सगळ्यात अवघड. लॉट बदलून, स्प्रिंग बदलून, मॅगझिन बदलून, आर्मररला दाखवून वर्षभरानेही वही तेच तेच सांगत असेल, तर ते पिस्तूल तुझं नाही. ‘एवढे पैसे घातलेत’ म्हणून त्याला चिकटून राहू नकोस. दर सिरीजआधी ‘आता चालेल ना’ हा विचार डोक्यात येत असेल, तर त्याची किंमत तू रोज गुणांत मोजतेयस, ती मात्र कुठल्या वहीत दिसत नाही. वॉरंटीत बसत असेल तर वहीची पानं दाखवून दाद माग. लॉट, मॅगझिन आणि राउंडांसकट लिहिलेली तक्रार कुणालाही हसण्यावारी नेता येत नाही. नाहीतर लायसन्सची सगळी कागदपत्रं पूर्ण करून रीतसर विकून टाक, आणि घेणाऱ्याला वही वाचायला दे. बाबांना कसं सांगायचं याची चिंता तू करू नकोस. ते मी सांगेन, जेवण झाल्यावर, आई समोर असताना.