केर कोणी काढायचा?

मुलांनो,

मागच्या सोमवारी चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, वर्ग झाडायची पाळी मुलींचीच का? घंटा तर नेहमी मुलगेच देतात." मी म्हणाले, "अगं, तुमचं काम नीट असतं म्हणून." ती गप्प बसली. घरी जाताना माझ्या लक्षात आले की मी उत्तर दिलेच नव्हते, गोड बोलून वेळ मारून नेली होती. ते उत्तर आज लिहिते. ते जरा लांबून, मुंबईच्या उपनगरांतून येणार आहे.

उपनगर म्हणजे मूळ शहराच्या पुढे वाढलेली वस्ती. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही त्यातली नावे. आपल्याकडची कितीतरी माणसे तिकडे पोटासाठी गेली आहेत. माझा मामाही गेला. १९९८ च्या मे महिन्यात, माझी बारावीची परीक्षा झाल्यावर, मी त्याच्याकडे घाटकोपरला राहायला गेले होते.

मामा एका ठेकेदाराकडे कचऱ्याच्या लॉरीवर होता. पहाटे निघायचा. ओला कचरा, फुटक्या काचा, मेलेले उंदीर, सगळे हाताने पाटीत भरायचे आणि पाटी डोक्यावरून लॉरीत रिकामी करायची. हातमोजे नाहीत, पायात साधी चप्पल. त्याच रस्त्यावर कायम नोकरीतले सफाई कामगारही असत. त्यांना महिन्याचा पगार, भरपगारी रजा. मामाची मजुरी त्यांच्या निम्म्याहून कमी, आणि खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे बुडाले. कचरा तोच, घाण वासही तोच!

एकदा मी त्याचा डबा घेऊन गेले. ऊन मी म्हणत होते. मामाने एका इमारतीच्या दारात पाणी मागितले. आतून एक बाई तांब्या घेऊन आल्या. तांब्या काही त्यांनी हातात दिला नाही. मामाने ओंजळ धरली, त्यांनी वरून पाणी ओतले. मी नंतर विचारले, "मामा, तू काही बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "बोललो तर उद्या पाणीबी मिळायचं नाही, पोरी."

आता पाहा, या एका दिवसात दोन प्रकारचे भेदभाव झाले. पाण्याचा भेदभाव जुना आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह पाणी प्याले, ते याच भेदभावाविरुद्ध. पुढे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. ती पाळणे गुन्हा आहे.

दुसरा भेदभाव मजुरीचा. तो डोळ्यांना दिसत नाही, कारण तो कागदावरच्या एका शब्दात लपलेला असतो. एकाला 'कायम' म्हणायचे, दुसऱ्याला 'कंत्राटी'. कुठे कुठे तर कचरा उचलणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हणत आणि त्याच्या मजुरीला 'मानधन'! स्वयंसेवक म्हणजे आपखुशीने फुकट सेवा करणारा. रोज पहाटे आपखुशीने दुसऱ्याची घाण उपसायला कोण जाईल, तुम्हीच सांगा.

मुंबईत या कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघ नावाची संघटना बांधली. मिलिंद रानडे हे तिचे एक पुढारी. संघटनेचे म्हणणे असे, की काम महानगरपालिकेचे आहे, मग ठेकेदार मध्ये फक्त दाखवायला आहे. हे कोर्टात नुसते बोलून चालत नाही, पुरावा लागतो. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला. महानगरपालिका वरच्या कोर्टात गेली. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्या २,७०० जणांना कायम करा असेच सांगितले.

माझा मामा त्या २,७०० जणांत नव्हता. त्याने तोवर काम सोडले होते. पाठ धरली होती.

एका शब्दाने केवढा फरक पडतो, याचे आणखी एक उदाहरण देते. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तो बदलून 'सर्व मानव' असा अर्थ देणारे शब्द घालायला लावले. त्या नसत्या तर? मला तर वाटते, कोणाच्या ध्यानातही आले नसते.

तर चौथीतल्या मुलीचे उत्तर असे: वर्ग झाडायची पाळी मुलींचीच असायला काहीही कारण नाही. ती मी न विचार करता लावली होती. या कागदाच्या शेजारी नवीन पाळ्या लावल्या आहेत. हजेरीपटातील क्रमांकाप्रमाणे रोज चौघे केर काढतील आणि पुढचा क्रमांक घंटा देईल. केरसुणी कशी धरायची हे काही मुलग्यांना शिकवावे लागेल असे दिसते. मुलींनी हसू नये.

एक सांगायचे राहिले. मुंबईतला निकाल लागल्यावरही पुष्कळ कामगारांचे काम अडले. का? तर एका कागदावर नाव एक, दुसऱ्या कागदावर अक्षर वेगळे. माणूस तोच, वेलांटी चुकलेली! म्हणून येत्या शुक्रवारी मी शाळेचे जनरल रजिस्टर वर्गात आणणार आहे. घरून आपला जन्माचा दाखला आणि आधार कार्डाची झेरॉक्स आणा. आई-वडिलांना सांगून आणा, न विचारता पेटीतून काढू नका. प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि आडनाव आपण अक्षर न् अक्षर ताडून पाहू.

— तुमच्या बाई