आधी भागाकार, मग फी

बार्शीत आमचं भुसार मालाचं दुकान. अण्णांची एक सवय अख्ख्या मार्केट यार्डाला माहीत होती. ज्वारीचं पोतं समोर आलं की वरचे दाणे ते बघायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळाची मूठ वर काढायची, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि मगच भावाचं बोलायचं. वरचा थर काय, सगळेच चांगला ठेवतात, असं त्यांचं म्हणणं.

त्याच अण्णांनी २०१४च्या ऑगस्टमध्ये माझ्या पायलट ट्रेनिंगचा २६ लाखांचा व्यवहार ठरवला तो पुण्यातल्या एका एसी ऑफिसात, कॉफी पीत. फ्लाइंग स्कूल राज्याबाहेर, पार हजार किलोमीटरवर. बघायला गेलो नाही असं नाही. गेलो, पण त्यांनी दिलेल्या दिवशी, त्यांनी दिलेल्या वेळी. हँगरच्या तोंडाशी धुऊनपुसून एक सेस्ना १७२ उभं होतं. अण्णांनी पंखाला हात लावला, मी कॉकपिटमध्ये बसून फोटो काढला. मागच्या अंधारात आणखी विमानं होती. आम्ही शेपट्या मोजल्या. नऊ भरल्या. माहितीपत्रकातही नऊच लिहिली होती, त्यामुळे माणसं खरी वाटली.

पोत्याचा तळ बघायचा राहिला तो तिथे. दाखल झाल्यावर आठवडाभरात कळलं की नवातली दोन विमानं प्रोपेलरशिवाय उभी आहेत, एकाच्या इंजिनात साळुंकीचं घरटं आहे, आणि बाकीच्यांतली दोन पार्टची वाट बघतायत. उडणारी विमानं चार. विद्यार्थी ८०.

आता एक हिशेब सांगतो. या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हा राहू द्या. ट्रेनिंगचं विमान चांगल्या दिवशी सरासरी ४ तास उडतं असं धरा. महिन्याचे २५ दिवस. चार विमानांचे मिळून ४०० तास. भागिले ८० मुलं, म्हणजे माणशी महिन्याला ५ तास. कमर्शियल पायलट लायसन्सला, म्हणजे सीपीएलला, डीजीसीएच्या नियमाप्रमाणे एकूण २०० तास लागतात. दोनशे भागिले पाच, चाळीस महिने. मला सांगितले होते १८. लागले ३९. पावसाळा आणि धुकं मी हिशेबात धरलेलं नाही, पण मध्येच कंटाळून निघून गेलेल्या मुलांनी ते भरून काढलं.

हा भागाकार करायला पायलट असावं लागत नाही. अण्णा तो तोंडी करू शकले असते. आम्हाला फक्त आकडे चुकीचे मिळाले: विचारलं 'विमानं किती', विचारायला हवं होतं 'गेल्या महिन्यात सगळ्यांनी मिळून किती तास उडवले आणि मुलं किती'. पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर जी शाळा लगेच देते तिथे पुढचं बोलावं. जी म्हणते 'सर, ते सीझनवर असतं', तिथून उठावं.

आमच्या दिवसाची सुरुवात पहाटे साडेपाचला एका पांढऱ्या बोर्डापुढे व्हायची. डावीकडे विमानांचे नंबर, पुढे मुलांची नावं. एखाद्या नंबरापुढे लाल मार्करनं 'यू/एस' लिहिलेलं असलं की त्या विमानावरच्या सहा-सात जणांचा दिवस संपला. यू/एस म्हणजे अनसर्व्हिसेबल. पहिल्या वर्षी ते वाचून पोटात खड्डा पडायचा. दुसऱ्या वर्षी आम्ही बोर्ड बघून सरळ झोपायला जायचो. हे जास्त वाईट होतं. फ्लाइंग हाताला लागलेलं असतं, पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की लँडिंग पुन्हा हलायला लागतं, आणि मग इन्स्ट्रक्टर पुन्हा आपल्याबरोबर बसून चेक घेतो. त्या चेकचे पैसे आपलेच.

इन्स्ट्रक्टरांचंही तसंच. पहिल्या सोलोपर्यंत माझे तीन बदलले. त्यात त्यांचा दोष नाही. बरेच तरुण इन्स्ट्रक्टर स्वतःचे तास वाढवण्यासाठी शिकवत असतात, एअरलाइनचं पत्र आलं की जातात. पण प्रत्येक नवा माणूस आपल्याला सर्किटपासून पुन्हा बघतो. म्हणून नुसतं 'इन्स्ट्रक्टर किती' विचारू नका, 'दोन वर्षांपासून इथेच आहेत असे किती' विचारा. चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टर रोज मैदानावर असतात की फक्त कागदावर, तेही.

आणखी एक बारकावा, जो ब्रोशरमध्ये सापडणार नाही. आमची शाळा प्रवासी विमानं येणाऱ्या विमानतळावर होती. ऐकायला छान वाटतं: लांब रनवे, एटीसीशी बोलायची सवय. पण उड्डाणाचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि परत जागेवर थांबलं की संपतो. एअरबस उतरेपर्यंत आपण टॅक्सीवेवर इंजिन चालू ठेवून थांबायचं. लॉगबुकात तास चढतात, बिलातही चढतात, शिकणं मात्र शून्य. एका तासाच्या सॉर्टीत मी अठरा मिनिटं जमिनीवर काढल्याची नोंद अजून माझ्याकडे आहे. उलट अगदी आडगावच्या धावपट्टीवर सर्किटं भरपूर मिळतात, पण रेडिओवर बोलायची सवय लागत नाही. मला विचाराल तर सुरुवातीसाठी आडगावच बरं.

हवामानही बघून घ्या. शिकाऊ पायलट डोळ्यांनी बघून उडतो. साधारण ५ किलोमीटरची दृश्यता नसली तर विमान हँगरमध्येच. उत्तरेकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळ धुक्यात जाते, आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसात. ३६५ दिवस फ्लाइंग होतं असं कोणी सांगितलं तर तो माणूस तिथे राहिलेला नाही.

मग आला ट्विन. बहुतेक शाळांत शेवटचे काही तास दोन इंजिनांच्या विमानावर होतात, कारण एअरलाइनला मल्टिइंजिन रेटिंग लागतं. माझे सिंगल इंजिनवरचे १८५ तास २०१७च्या जुलैत संपले. ट्विन एकच, त्याचा पार्ट परदेशातून यायचा होता. चार महिने मी होस्टेलचं भाडं भरत पार्टची वाट बघितली. ट्विन स्वतःचं आहे का, किती आहेत, आणि गेल्या सहा महिन्यांत किती दिवस उडालं, हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचे असतात.

या काळात एका सीनियरनं हळूच सुचवलं होतं की लॉगबुकातले थोडे तास 'अॅडजस्ट' होतात. मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण २०११ साल आमच्या पिढीला पाठ होतं. बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवलेले पायलट त्या वर्षी पकडले गेले, आणि राजस्थानात न उडता नोंदवलेल्या तासांचं प्रकरणही त्याच वर्षी गाजलं. जिथे हे सुचवलं जातं तिथे उद्या आपले खरे तासही संशयात येतात.

पैशाबद्दल. आम्ही पहिल्या दोन महिन्यांत १८ लाख भरले, का, तर एकरकमी भरल्यास १ लाखाची सूट होती. घराचा उतारा बँकेत गेला. पैसे हातात पडल्यावर शाळेला आमची घाई उरली नाही. दुसऱ्या वर्षी मी दुसरीकडे जायचं ठरवलं, तेव्हा कळलं की परताव्याबद्दल करारात एक ओळही नाही, आणि लॉगबुकावर सही-शिक्का त्याच ऑफिसातून घ्यायचा आहे. गप्प बसलो. तुम्ही मात्र जितके तास उडाल तितकेच पैसे, टप्प्याटप्प्यानं, असंच बोला. इंधनाचा दर वाढला तर कोण भरणार, २०० च्या वर तास गेले तर काय दर, परीक्षेच्या उड्डाणाचा खर्च कोणाचा, मध्येच सोडलं तर किती परत, हे कागदावर घ्या. मोठी सूट दिसली की अण्णांची आठवण काढा. ते म्हणायचे, भाव पडलेल्या मालाचा आधी वास घ्यावा.

फीच्याही आधीचं एक काम आहे, मेडिकल. आधी क्लास टू, मग क्लास वन. क्लास वन हातात आल्याशिवाय कोणत्याही शाळेत एक रुपया भरू नका. आमच्या बॅचमधल्या एका मुलाला रंग ओळखण्याची अडचण निघाली, फी भरून तीन महिने झाल्यावर. त्याच्या वडिलांचा चेहरा मी विसरलेलो नाही. दुसरं, डीजीसीएचे पेपर. नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे पेपर शाळेत जाण्याआधी घरी बसून, नाहीतर क्लास लावून देता येतात. पास व्हायला ७० टक्के लागतात. पेपर हातात घेऊन आलेला मुलगा चांगल्या हवेचे महिने अभ्यासात घालवत नाही.

अमेरिका, दक्षिण आफ्रिकेला गेलेले मित्र लवकर संपवून आले हे खरं. पण परत आल्यावर ते लायसन्स भारतीय करून घ्यावं लागतं. पुन्हा पेपर, मेडिकल, इथल्या विमानावर चाचणी. त्यात कोणाचे चार महिने गेले, कोणाचं वर्ष. तो खर्च आणि वेळ पहिल्या बजेटमध्ये धरलेला असेल तर खुशाल जा.

उशिराची किंमत नुसती होस्टेलच्या भाड्याची नसते. माझ्याबरोबर बारावी झालेला एक मित्र दुसऱ्या शाळेत गेला, २०१६ मध्ये सुटला आणि एअरलाइनला लागला. माझं लायसन्स आलं २०१७च्या नोव्हेंबरात. भरतीच्या रांगेत मी मागे. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली आणि हजारो तासांचे पायलट त्याच बाजारात आले. मग कोविड. साडेचार वर्षं मी दुकानात बसून तूर आणि हरभऱ्याची पोती मोजली. दर वर्षी मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण चालूच, नाहीतर लायसन्स नुसता कागद. २०२२ मध्ये नोकरी लागली, त्यासाठी एअरबसच्या टाइप रेटिंगचे आणखी १८ लाख. सीपीएल म्हणजे शेवटचा खर्च, असं सांगणाऱ्या काउन्सेलरला हा आकडा जरूर विचारा.

आता परिस्थिती थोडी बरी आहे. २०२५च्या ऑक्टोबरपासून डीजीसीएनं फ्लाइंग स्कूलची श्रेणीवार यादी द्यायला सुरुवात केली. विमानं आणि विद्यार्थी यांचं प्रमाण, २०० तासांना लागणारा काळ अशा गोष्टी त्यात बघतात. पहिल्याच यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती, त्यावरून काय ते समजा. यादी जरूर बघा, पण ती पोत्यावरची चिठ्ठी आहे. हात आत आपल्यालाच घालायचा असतो.

गेल्या महिन्यात आतेभावाचा मुलगा आला. त्याला एक शाळा पसंत पडली होती, सोमवारी पैसे भरायचे होते. मी म्हटलं, आधी जाऊन येऊ, कोणालाही न कळवता. पहाटे पावणेसहाला आम्ही विमानतळाच्या कुंपणाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. आकाश स्वच्छ, वारा नाही, फ्लाइंगला याहून चांगली सकाळ मिळत नाही. माहितीपत्रकात विमानं अकरा. वहीच्या मागच्या पानावर तो प्रत्येक टेकऑफपुढे रेघ मारत होता. तिसऱ्या वर्षाची दोन मुलं चहाला आली, आम्ही न विचारताच बोलायला लागली, आणि एकानं मोबाइलवर आपल्या लॉगबुकाचं शेवटचं पान दाखवलं: सबंध महिन्यात तीन नोंदी.

साडेनऊपर्यंत दोन विमानं उडाली. आम्ही चहाचे पैसे दिले आणि फॉर्म न घेता परतीची गाडी पकडली.