स्क्रीन तोच ठेवा, कॅमेरा जोडा

प्रश्न : माझ्या गाडीत कंपनीचा टचस्क्रीन आहे, पण मागचा कॅमेरा नाही. गांधी बाजारच्या गर्दीत गाडी मागे घेताना जीव मुठीत धरावा लागतो. जे. सी. रोडवरचा दुकानदार म्हणतो, अख्खा स्क्रीनच बदला. मुलगा म्हणतो, काहीही जोडलं की वॉरंटी गेली. काय करू?
– एक वाचक, बसवनगुडी, बेंगळुरू

उत्तर : घाबरू नका, स्क्रीन बदलायची गरज बहुधा नाही. बऱ्याच स्क्रीनमध्ये कॅमेऱ्याची सोय मुळातच असते, फक्त ती बंद ठेवलेली असते. आधी सर्व्हिस सेंटरला तेवढं विचारा. नसेल तर व्हिडिओ इंटरफेस नावाची छोटी डबी मिळते. ती स्क्रीनमागे बसते आणि रिव्हर्स गिअर पडताच कॅमेऱ्याचं चित्र दाखवते. मात्र ती तुमच्याच मॉडेलची हवी. कॅमेरा एएचडी (हाय डेफिनिशन सिग्नलचा) आणि डबी साध्या सिग्नलची, अशी जोडी जमली की पडदा काळाच राहतो!

वॉरंटीची खरी भीती वायर कापण्यात आहे. म्हणून कपलरला कपलर जोडणारं हार्नेसच (तयार वायरसंच) मागा, फ्यूज लावून घ्या आणि पक्कं बिल घ्या. डिकीतून वायर नेताना रबरी ग्रोमेट बसवलं का, ते स्वतः वाकून पाहा. नाहीतर पावसाचं पाणी आत येतं.

गाडी चालवताना सिनेमा दिसेल अशी ‘फुकट’ सोय दुकानदार देऊ करेल. ती नकोच.

२०१९च्या जुलैनंतरची गाडी असेल तर नियमानुसार मागचे सेन्सर असतीलच. कॅमेरा बसवताना ते काढू देऊ नका.